मार्डीचं बारसं

लीड्सजवळ आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा सॉलिसिटरने दाखवलेल्या नकाशावर घरामागे एक बारीक निळी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘ड्रेन’. आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अगं, आपण गटाराकाठी घर घेतोय." मी म्हटलं, गटार तर गटार. तीन बेडरूम्स आहेत, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, आणि तुमच्या पगारात टेम्सकाठी बंगला मिळणार नाहीये. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. भारतातून येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती आणि हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या सामायिक स्वयंपाकघराला मी पुरती विटले होते. घर घेतलं.

नावांबद्दल आधीच सांगून टाकते. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे आहे. बाकी कुणाचंही इथे घेणार नाही, कारण या गोष्टीतल्या निम्म्या लोकांचा मला अजून दिवाळीला फोन येतो आणि उरलेले निम्मे माझ्याशी बोलत नाहीत.

शेजारच्या घरात एक आजी राहायच्या. तेव्हाच सत्तरीच्या पुढे होत्या. जन्म त्याच घरातला, लग्न झाल्यावर नवराच त्या घरात राहायला आला, मुलगा तिथेच झाला आणि नवरा गेला तोही तिथूनच. आयुष्यात एकदा लंडनला गेल्या होत्या आणि आवडलं नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत आल्या होत्या. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी कुंपणावरून त्यांनी हातभर लांबीच्या लाल दांड्यांची मोळी माझ्या अंगावर टाकली. रुबार्ब. त्याचं करतात काय हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी गूळ, मेथ्या आणि तिखट घालून त्याचा मेथांबा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला. आजींनी तो टोस्टवर चीजच्या खाली पसरून खाल्ला. तेव्हापासून दर एप्रिलला रुबार्ब इकडे यायचा आणि मेथांबा तिकडे जायचा.

आजींचं यॉर्कशरी इंग्रजी माझ्या कानाला आमच्या वाईकडच्या बोलण्यासारखं लागायचं, म्हणून इथे तसंच लिहिते. मला ऑक्सफर्डचं इंग्रजी कळायला कष्ट पडायचे, आजींचं पहिल्या दिवसापासून कळलं.

"मार्डी चढलीया आज," त्या कुंपणावरून ओरडायच्या. "पायरीवरचे बूट आत घे, लव्ह."

मार्डी म्हणजे तो ओढा. पुरतं नाव मार्डी बेक, तिकडे ओढ्याला बेक म्हणतात. त्या भागात रुसक्या, तोंड फुगवून बसणाऱ्या माणसाला मार्डी म्हणतात. आमचा ओढा उन्हाळ्यात आठ-आठ दिवस तोंड दाखवायचा नाही आणि नोव्हेंबरात एकदम कुणाच्या तरी शेडमध्ये शिरून लॉनमोअर बुडवायचा. ते नाव आजींच्या आजीने ठेवलं की तिच्याही आजीने, ते त्यांना सांगता येत नव्हतं. एके काळी सगळी गल्ली तेच म्हणायची. मग मागची गल्ली पाडली, माणसं पांगली, आणि नाव घेणाऱ्या आम्ही दोघी उरलो. मला तर ते नाव आहे असं कधी वेगळं जाणवलंही नाही. दूधवाल्यासाठी ‘मार्डी पायरीपर्यंत आलीय, बाटल्या खिडकीत ठेवा’ अशी चिठ्ठी मी स्वतः लिहिलेली आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो अजाणतेपणी केला असं मला म्हणता येणार नाही.

दहाएक वर्षं अशी गेली. नव्वदचं दशक उजाडलं आणि ह्यांच्या वॉर्डवर एक नवी स्टाफ नर्स आली. ऑस्ट्रेलियातली, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, अ‍ॅबोरिजिनल. पहिल्या आठवड्यात तिला तिघांनी विचारलं की तू इंडियाच्या कुठल्या भागातली. तिसरे आमचे हे. खरं कळल्यावर ह्यांना इतकी लाज वाटली, की तिला थेट जेवायलाच घेऊन आले. फोन न करता. मी पिठलं-भात वाढला. तिने तो दोनदा घेतला आणि म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी मला आणखी कुठल्या देशातली समजावं, म्हणजे आणखी जेवणं मिळतील.

त्या जेवणात तिने तिच्या गावच्या ओढ्याची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षं त्या ओढ्याला एका मोजणी अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव होतं. बाई त्या गावात काय, त्या देशातसुद्धा कधी आलेली नव्हती. तिच्या आजीने आणि इतर म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, आणि शेवटी त्यांच्या भाषेतलं जुनं नाव परत मिळालं.

"काय अर्थ आहे त्याचा?" ह्यांनी विचारलं. ह्यांना काहीतरी भव्य अपेक्षित होतं.

"इथे शिंपले मिळतात," ती म्हणाली. "एवढाच अर्थ. आम्हाला शिंपलेच हवे असायचे."

पाटी लागली त्या दिवशी तिची आजी पाटीपाशी गेलीच नाही. म्हणाली, मला माहीत आहे नाव, ज्यांना माहीत नाही त्यांनी जाऊन वाचावं. आम्ही पोट धरून हसलो. मग नर्स म्हणाली, आजीने त्या दिवशी बिछान्यातून उठून डोकं विंचरलं होतं, जे ती महिनोन् महिने करत नव्हती.

आमच्या ह्यांना कमिटीला नाही म्हणता येत नाही. हॉस्पिटलची कार पार्क कमिटी, शाळेची कमिटी, आणि आमच्या भागातल्या कौन्सिलची एक कसलीशी कम्युनिटी कमिटी. त्या शेवटच्या कमिटीत ह्यांनी ही गोष्ट सांगितली. तिथला तरुण ऑफिसर, कानात डूल घालणारा आणि अत्यंत सज्जन मुलगा, खुर्चीतून उठलाच. कौन्सिल आमचा ओढा साफ करणार होती, काठाने फुटपाथ आणि बाक होणार होते, आणि नकाशावर नुसतं ‘ड्रेन’. पंधरा दिवसांत सगळ्या मंडळांना पत्रं गेली: या परिसरातल्या समाजांच्या मूळ वारशाचा सन्मान करणारं नाव सुचवा.

पत्र आमच्या महाराष्ट्र मंडळालाही आलं. मंडळ म्हणजे चौदा कुटुंबं, त्यातली अकरा डॉक्टरांची. सेक्रेटरी मी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, स्काऊट्सच्या थंडगार हॉलमध्ये, कोट न काढता आमची मीटिंग झाली. मूळ वारसा म्हणजे आपलं मूळ, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. म्हणजे आपल्या गावची नदी.

अध्यक्ष नाशिकचे. त्यांनी उभं राहून गोदावरी सुचवली आणि दुसरं काही सुचायचं कारण नाही अशा थाटात खाली बसले.

"एक्सक्यूज मी, मुठा का नाही?" पुण्याचे चौघे एकदम म्हणाले. त्यात आमचे हे.

"मुठेत पाणी कुठंय?"

"या ओढ्यात तरी कुठंय? साइजने ॲप्रोप्रिएट आहे!"

"विदर्भाला नेहमीप्रमाणे कुणी विचारणारच नाही का?" वर्ध्याच्या रेडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या. कोकणातले एक गृहस्थ सावित्रीचं नाव घेऊन इतके भावुक झाले, की त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

माझं माहेर वाईचं, कृष्णाकाठचं. अठरा वर्षं मी कृष्णेच्या घाटावर काढली आहेत आणि मुठेचं गुणगान ऐकत बसायला काही मी इंग्लंडला आले नव्हते. मी उठले. म्हटलं, गोदावरी म्हणताना इंग्रजांची जीभ अडकेल. मुठेचं तर बोलूच नये. कृष्णा हे नाव मात्र त्यांना येतं, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘हरे कृष्ण’ म्हणत झांजा वाजवत जाणाऱ्यांनी गेली वीस वर्षं ते त्यांना शिकवलंय. शिवाय चहाची किल्ली माझ्याकडे होती. मी जाहीर केलं, चहा मतदानानंतर. अशा थंडीत हे फार मोठं शस्त्र आहे. कृष्णा नऊ विरुद्ध पाच मतांनी निवडून आली. ह्यांनी मुठेलाच मत दिलं, आणि त्यांना चहा शेवटी मिळाला.

चौदा घरची शिकली-सवरलेली माणसं दोन तास भांडली. ओढा यॉर्कशरमधला आहे, हे एकालाही सुचलं नाही. इतरांचं सोडा, आम्हा दोघांखेरीज कुणी ओढा पाहिलेलाही नव्हता. मी रोज पाहत होते. त्या सकाळीच आजी कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "मार्डी गोठलीया," आणि मी "हो का" म्हणून मीटिंगला निघून आले होते.

कौन्सिलकडे एकूण तीन सूचना आल्या. प्राथमिक शाळेने ‘रेनबो रिव्हर’ सुचवलं, एका क्लबने ‘ज्युबिली ब्रूक’. ऑफिसरला आमचं नाव फार आवडलं. एप्रिलमध्ये स्थानिक पेपरात बातमी आली, सोबत ह्यांचा आणि माझा फोटो. उन्हामुळे दोघांचेही डोळे मिटलेले आणि मागे ओढा, ज्याच्यात एक सुपरमार्केटची ट्रॉली उलटी पडलेली. मी त्या पेपरच्या सहा प्रती घेतल्या आणि एक माहेरी पाठवली.

एक आजींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बातमी सावकाश वाचली, पेपरची नीट घडी केली आणि मला परत दिला.

"लई छान, लव्ह," त्या म्हणाल्या आणि केटल ठेवली नाही.

त्या एप्रिलमध्ये रुबार्ब आला नाही. मला वाटलं, थंडीने मेला असेल. पण मला वरच्या खिडकीतून त्यांचा वाफा दिसत होता आणि तो चांगला टरारला होता. मग त्यांच्या दारात घर विकाऊ असल्याची पाटी लागली. मुलगा दूर दक्षिणेला, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटर कंपनीत होता आणि आईने एकटं राहू नये म्हणून तिला जूनच्या अखेरीस घेऊन जाणार होता. हे मला आजींनी सांगितलं नाही, दूधवाल्याने सांगितलं. मला राग आला. दहा वर्षांचा शेजार आणि असं वागायचं? मी ह्यांच्यापाशी तणतणले. हे म्हणाले, "वय झालं की माणसं थोडी विचित्र होतात," आणि पेपरात तोंड घातलं.

तेवढ्यात त्या नर्सला पुन्हा जेवायला बोलावलं होतं. या वेळी रीतसर, पुरणपोळीसकट. मी कात्रण तिच्यासमोर ठेवलं आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले. तिने फोटो पाहिला, ट्रॉली पाहून हसली आणि अगदी सहज विचारलं, "याआधी इथली माणसं याला काय म्हणायची?"

"मार्डी," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडातून इतकं पटकन आलं की मी स्वतःच दचकले. हे म्हणाले, "म्हणजे? त्याला नाव होतं?" मी पोळीवर तूप वाढत होते, ते ताटाबाहेर गेलं. नर्सने कात्रण माझ्याकडे परत सरकवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला तो मोजणी अधिकारी आठवला आणि त्याची ती कधी न आलेली बायको. ती बाई निदान अजाण तरी होती. मी तर नाव माहीत असून, ज्यांनी ते मला शिकवलं त्यांनाच पेपरची प्रत नेऊन दिली होती, वर सही करून. मला इतकी लाज आयुष्यात दोनदाच वाटली आहे आणि दुसरी वेळ सांगण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलमध्ये गेले. ऑफिसरने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. पाटीची ऑर्डर गेली होती, मेयरची तारीख ठरली होती. शिवाय फॉर्म. सूचना कम्युनिटी ग्रुपकडूनच यायला हवी, एकट्यादुकट्या माणसाची चालत नाही.

"त्या ज्या समाजाच्या आहेत त्यातल्या त्या एकट्याच उरल्यात," मी म्हटलं.

त्याने प्रामाणिकपणे फॉर्म उलटसुलट करून पाहिला. सभासदसंख्या एक, असं लिहायला त्यात जागा नव्हती. फार तर, तो म्हणाला, सुचवणाऱ्यांनी आपलं नाव लेखी मागे घेतलं तर काही करता येईल.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मतदान तुम्हीच घेतलंत. आता हे बॅकट्रॅकिंग कशासाठी? मी नाशिकला भावाला कळवलंय. त्याला वाटतंय लीड्सच्या मेन रिव्हरला नाव दिलंय, आणि मी त्याला करेक्ट केलेलं नाही." शेवटी मी आजींकडे गेले. म्हटलं, तुम्ही एक पत्र तरी लिहा. आजी कपाटातल्या बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"जे मला म्हाईत हाय त्याचा अर्ज कशापायी करू?" त्या म्हणाल्या. "वढाच त्यो. ऱ्हाऊ दे." आणि पुढची बशी उचलली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, पुण्याच्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी येताना माझ्या भावाने दिलेला कृष्णेच्या पाण्याचा सीलबंद गडू आणला होता. हीथ्रोवर कस्टम्सच्या माणसाने तो काय आहे विचारलं तेव्हा वन्संनी त्याला नदीचा उगम, लांबी आणि उपनद्या सांगितल्या आणि त्याने हात जोडून सोडून दिलं. ऑफिसरने मंडळाला कार्यक्रमात काहीतरी पारंपरिक करायला सांगितलं होतं. वन्संनी एका वाक्यात निकाल लावला: "नाव ठेवायचंय ना? मग बारसं करा."

आणि त्या कामाला लागल्या. माळ्यावरून आमच्या मुलीचा पाळणा काढला. ओढ्यातला एक गुळगुळीत दगड आणून धुतला, त्याला झबलं-टोपडं चढवलं. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला नटवतात, तसंच. आत्या त्याच होणार हे ओघानेच आलं. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. ऑफिसरला त्यांनी आत्या, पाळणा, कानात नाव सांगणं, सगळं तासभर समजावून सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसलो होतो. मला राहवेना.

"वन्सं," मी म्हटलं, "त्या ओढ्याला आधीपासून नाव आहे."

"मग बारसं कसलं?"

मी सगळं सांगितलं. आजी, दूधवाला, चहाची किल्ली, सगळं. त्या खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं नाव सांग बरं."

मी सांगितलं.

"ते लग्नातलं. तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्याआधीचं सांग."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मला ते माहीत नव्हतं. कधी कुणी घेतलंच नव्हतं.

"कोण घेणार?" वन्सं म्हणाल्या. "आई गेली, नाना गेले, मैत्रिणी कुठे गेल्या देव जाणे. तुझा नवरा ताई म्हणतो. विचार त्याला, आठवतं का."

मी दिवाणखान्यात ओरडून विचारलं. हे हातात चहा घेऊन दारात आले, विचारात पडले. "ताई म्हणजे ताईच," म्हणाले. "व्हॉट डू यू मीन, आधीचं?" ताईंचं लग्न झालं तेव्हा हे आठ वर्षांचे होते. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, बघितलंस ना, अशा अर्थाने. हे परत गेले. दोन मिनिटांनी जिन्यावरून मोठ्याने हाक आली. तीन अक्षरी नाव, आणि हाक मारायची रीतही जुनी, शेवटचं अक्षर लांबवलेली, लहान मुलं अंगणातून मारतात तशी.

वन्संच्या हातातलं ताट खाली आलं. हरभरे सगळ्या लिनोलियमवर. "हळू ओरड, शेजारी ऐकतील," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपून खाली वाकून एकेक हरभरा वेचू लागल्या. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, "उद्या मीठ बेताने घाल. इंग्रजांना बाधेल." ओढ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि चक्क ऊन पडलं होतं. ओढ्याकाठी मंडळाची चौदा कुटुंबं, शाळेची मुलं, गळ्यात सोन्याची साखळी घातलेले मेयर आणि हिरव्या कापडाखाली झाकलेली पाटी. नर्सही आली होती. आजी मात्र आपल्या बागेच्या फाटकाआत उभ्या होत्या, हात बांधून. मेयरनी पाळण्यात डोकावून पाहिलं, टोपडं घातलेला दगड दिसला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ते "लव्हली" म्हणाले.

ऑफिसरने कागदावरून वाचून जाहीर केलं की आता इंडियाहून खास आलेल्या आत्या बाळाच्या कानात नाव सांगतील. वन्सं उठल्या. अंगावर पैठणी, पायात माझे ट्रेनर्स. पाळण्याजवळ गेल्या, मेयरकडे वळल्या आणि शाळेच्या प्रार्थनेच्या वेळचा आवाज लावून इंग्रजीत म्हणाल्या, "हे बाळ कुणाचं?"

कुणाला काही कळेना. ऑफिसरने हसून बघितलं.

"आमच्यात नाव ठेवते ती बाळाची आत्या," वन्सं म्हणाल्या. "बाळाच्या घरची. मी गेल्या आठवड्यात पुण्याहून आले. मी या बाळाची कोण? दुसऱ्याच्या बाळाचं नाव ठेवायला आमच्यात बंदी आहे."

अशी कुठलीही बंदी नाही. पण वन्सं सांगत असताना मलासुद्धा ती खरी वाटली. अध्यक्षांनी तोंड उघडलं, वन्संनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, त्यांनी मिटलं.

"इथली सगळ्यात जुनी बाई कोण?" वन्संनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सरळ आजींच्या फाटकाशी गेल्या, कडी काढली आणि हात पुढे केला. आजींनी तो हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मला कुनी इचारलंच न्हवतं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतंच सांगितलं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आता विचारतोय," मी म्हटलं. "प्लीज."

आजी आल्या. पाळण्याची कड धरून वाकल्या, टोपड्याशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलल्या, बराच वेळ. नुसतं नाव एवढं लांब नव्हतं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मार्डी. मार्डी बेक. न्हेमीचंच नाव हाय."

"कुर्रर्र!" वन्सं ओरडल्या, आणि मंडळाच्या चौदाही बायकांनी, सवयीने, भराभर पुढे होऊन कुर्रर्र करत आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मेयरना वाटलं आजींना ठसका लागलाय. ते ग्लासभर पाणी घेऊन धावत आले. आजी पाठ सावरत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या आणि वर्ध्याच्या बाईंना म्हणत होत्या, "आनि एक घाल की." नर्स पाण्यात पाय सोडून बसली होती आणि तोंडावर हात ठेवून हसत होती. वन्संनी गडूचं सील फोडलं आणि कृष्णेचं पाणी ओढ्यात ओतलं. "पाहुणी आलीय," त्या ओढ्याला मराठीत म्हणाल्या. "दोन दिवस राहील."

मग कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं म्हणून मेयरनी दोरी ओढली, आणि हिरव्या कापडाखालून सोनेरी अक्षरात ‘कृष्णा ब्रूक’ बाहेर आलं. टाळ्या एकट्या अध्यक्षांनी वाजवल्या.

सोमवारी ऑफिसर फॉर्म घेऊन घरी आला. नाव मागे घेण्याचा. त्यावर मंडळाच्या सेक्रेटरीची सही हवी होती. मीटिंग न बोलावता, कुणाला न विचारता, मी स्वयंपाकघरातच सही केली. जुलैत मंडळाची खास सभा झाली आणि बारा विरुद्ध दोन मतांनी मला काढून टाकलं. त्या दोनांतलं एक मत माझं, दुसरं ह्यांचं. ह्यांनी माझ्या बाजूने मत दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं. चहाची किल्ली मी टेबलावर ठेवली. त्या दिवशीचा चहा घशाखाली उतरत नव्हता असं नंतर कळलं.

आजी त्याआधीच, जूनच्या अखेरीस, मुलाकडे गेल्या. मुलगा गाडी भरत असताना त्यांनी कुंपणावरून शेवटची मोळी दिली. जून संपताना रुबार्बची लाकडं होतात, शिजता शिजत नाहीत, पण मी घेतली.

"पाटी बदलली का?"

"अजून नाही."

"कौन्सिलचं काम," आजी म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मी मात्र वळणापर्यंत पाहत उभी राहिले आणि घरात येऊन रडले.

नवी पाटी लागली नोव्हेंबरात. मी पेन आणि वही घेऊन गेले, तिच्यावरचा शब्दन् शब्द उतरवून घेतला, तशीच घरी आले आणि कोट न काढता बेसिंगस्टोकला फोन लावला. आजींनीच उचलला. आवाज बारीक झाला होता, फोनमधून टीव्ही मोठ्याने ऐकू येत होता.

"पाटी लागली," मी म्हटलं.

टीव्ही बंद झाला. "काय लिवलंय?"

मी वाचलं. मार्डी बेक. या ओढ्याचं हे नाव इथल्या रहिवाशांनी पिढ्यानपिढ्या जपलं आहे.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"परत वाच," आजी म्हणाल्या.

मी परत वाचलं. जमेल तेवढं सावकाश.

"आता नुस्तं नाव."

मी नुसतं नाव वाचलं. तेवढ्यात मागून त्यांच्या मुलाने विचारलेलं मला ऐकू आलं, मम, कोण आहे, काय झालं?

"गप," आजी त्याला म्हणाल्या. "घरनं फोन आलाय."